खांब मातीत रोवणाऱ्या साहेबांस

रा. रा. डेक स्पेशालिस्ट ठेकेदारसाहेब यांसी,


आपला फोन लागत नाही. लागलाच तर आपण उचलत नाही. मोठ्या माणसामागे हजार व्याप असतात, हे आम्ही घाटाखालची माणसं जाणतो. म्हणून आपल्या कामात व्यत्यय न आणता हे पत्र चारचौघांदेखत लिहिते आहे. कुणीतरी वाचून आपल्या कानावर घालेलच. आणि ज्यांच्या अंगणात आपली पायधूळ अजून झडायची आहे, त्यांच्याही कानी ते पडलं, तर आपली कीर्ती घाटावर आणि घाटाखाली सारखीच पसरेल.

आधी आभार. आमच्या मामंजींची इच्छा आपण मनावर घेतलीत. धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. त्यांच्याकडे राहून आल्यापासून मामंजींच्या मनात होतं की परसात आपलाही एक उंच लाकडी डेक असावा, संध्याकाळी वर खुर्च्या टाकून बसावं. नुसती हौस नव्हती ती. पावसाळ्यात परसात काळा चिखल होतो, सासूबाईंना तुळशीपर्यंत जाता येत नाही, लाकडांच्या ढिगाऱ्यातून विंचू निघतात. २०२३च्या जुलैत संग्रामपूर-जळगाव जामोदकडे पाण्यानं घरंदारं आणि शेतं कशी खरवडून नेली, ते आम्ही जवळून पाहिलं. उंचावर बसायला एक कोरडी जागा असावी, असं तेव्हापासून घरात सगळ्यांनाच वाटे. ती जागा देण्याचा शब्द आपण दिलात. दोन हंगामांच्या सोयाबीनचा पैसा आम्ही त्या शब्दावर ठेवला.

मी नकाशा मागितला, तेव्हा आपण कपाळाला बोट लावून म्हणालात, "सगळा इथं आहे वहिनी, टेन्शन नका घेऊ." एवढा मौल्यवान ऐवज कागदावर उतरवून आपण त्याची किंमत घालवली नाहीत, याबद्दल मी ऋणी आहे. तो कागदावर आला असता, तर मी नाही नाही ते विचारलं असतं. खांब किती? दोन खांबांत अंतर किती? तुळई केवढ्या जाडीची? वर एकदम वीस माणसं उभी राहिली, तर त्यांचं वजन कुठून कुठे जाणार? फळीवरचं वजन कडीवर जातं, कडीचं तुळईवर, तुळईचं खांबावर आणि खांबाचं जमिनीवर. ही उतरंड ज्याला तोंडानं सांगता येत नाही, त्याच्या हाती रंधा द्यावा की नाही, असले क्षुद्र प्रश्न आपल्या प्रतिभेला पडत नसावेत.

आपला आमच्या जमिनीवर फार भरवसा होता, साहेब, आणि त्याचं मला अतोनात अप्रूप वाटतं. आम्ही पिढ्यानपिढ्या या मातीत कापूस लावतो, तरी आमचा तिच्यावर एवढा भरवसा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचा हा गुण. या एका मातीपायी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांची पद्धत बसवली. मातीची हालचाल जिथं थांबते, त्या खोलीवर तो फुगवटा रुतवायचा आणि वरच्या मातीला तिचं फुगणं-आकसणं करू द्यायचं. परसातल्या डेकला एवढा खटाटोप नको, हे मान्य. पण मुरूम लागेपर्यंत खणावं, आणि तो फार खोल असेल तर निदान भेग पोचत नाही तेवढं तरी खाली जावं, हे आमच्याकडे कुंपण घालणारा गडीही जाणतो.

आपण दीड फुटावर थांबलात. "माती एकदम टाइट आहे," असा निर्वाळा दिलात. मे महिना होता तो. मे महिन्यात ही माती कुदळीलाही दाद देत नाही. आषाढात तिनं आपले खांब वर उचलले, दिवाळीनंतर खाली सोडले. सगळे सारखेच उचलले असते तरी निभलं असतं. पण पन्हळीखालची माती ओली, भिंतीलगतची कोरडी, त्यामुळे प्रत्येक खांबाची चाल वेगळी. आपल्या डेकचे चारी कोपरे वर्षभर चार दिशांना चालत होते, आणि वर बसलेल्या मामंजींना वाटत होतं की आपल्यालाच चक्कर येते. त्यांनी त्यासाठी अकोल्याला जाऊन तपासण्या करून घेतल्या. त्यांचा रक्तदाब उत्तम आहे, हे आपल्यामुळे कळलं.

आता खांबाच्या पायाकडे येते. इथं आपले उपकार इतके आहेत की एका दमात फिटणार नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातला कुठलाही जुना वाडा पाहा. लाकडी खांब जमिनीला शिवलेला दिसणार नाही. खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यावर खांब. तो दगड शोभेचा नसतो. लाकूड पाण्यात बुडालेलं असलं तर लवकर कुजत नाही, पूर्ण कोरडं असलं तरी कुजत नाही. ते कुजतं जमिनीच्या पातळीवरच्या वीतभर पट्ट्यात, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथंच एकत्र भेटतात. तळखड्यानं ती भेट टळते. आज दगड घडवणारा मिळत नसेल, तर काँक्रीटचा चौथरा ओतून त्यात लोखंडी खूर बसवता येतो, खांब चार बोटं वर राहतो, आणि खुराला गॅल्व्हनाइज्ड लोखंड वापरलं की तोही लवकर गंजत नाही. आपण यांतलं काहीच न करता खांब सरळ खड्ड्यात उभे केलेत, भोवती माती लोटलीत, आणि वरून पाणी मारून ती दाबलीत. पाणी मारून! कुजण्याची सुरुवात आपण आपल्या शुभहस्ते करून दिलीत.

परसातल्या उधईच्या वतीनंही आपले जाहीर आभार मानायला हवेत. तिला कुणी विचारत नाही. कामकरी उधई आंधळी असते. कोरडी हवा आणि उजेड तिला सोसत नाही, म्हणून मातीची नळी बांधत ओलीओलीनं ती वर चढते. मधे दगड किंवा लोखंडाचा खूर आला, तर तिला उघड्यावरून नळी न्यावी लागते. मग ती घरच्यांच्या नजरेस पडते, आणि सकाळी झाडताना कुणीही ती मोडून टाकतं. आपण त्या मुक्या जिवाला हा वनवास होऊ दिला नाहीत. तिनं जमिनीखालून थेट खांबात शिरावं, आतला मऊ भाग खावा आणि बाहेरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवावा, अशी चोख व्यवस्था केलीत. पाया भरताना मातीला औषध मारायची पद्धत आहे, त्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं वेगळं मानक आहे. पण आपल्यासारख्या प्राणिमित्राकडून ती अपेक्षा मी कशी करावी!

लाकूड आपण "परतवाड्याचा अस्सल साग" म्हणून आणलंत. मेळघाटच्या सागाचं नाव आमच्याकडे असं आहे की ते ऐकून मामंजी उठून उभे राहिले. ट्रकमधून उतरल्या त्या अर्ध्याअधिक पांढऱ्या फळ्या. सागाची कीर्ती आहे ती त्याच्या गाभ्याची. तो सोनेरी-तपकिरी असतो, त्यात तेलकट द्रव्यं असतात, आणि त्यांच्यामुळे उधई त्याला सहसा तोंड लावत नाही. सालीलगतच्या पांढरट भागाला ते संरक्षण नसतं. मी रंगाबद्दल विचारलं, तर आपण म्हणालात, "पॉलिश मारलं की सगळं एकच दिसते." खरं बोललात. पॉलिश मारल्यावर सगळं एकच दिसलं. उधईला मात्र दिसत नसल्यामुळे ती फसली नाही.

वाहतुकीच्या परवान्याचा कागद मागितला, तेव्हा आपण कसे हसलात, ते मला आठवतं. महाराष्ट्रात झाडतोडीचं नियमन करणारा कायदा १९६४ पासून आहे, आणि सागाचं झाड त्यात येतं. वनखात्याच्या डेपोतून लिलावात घेतलेल्या मालावर हातोड्याचा शिक्का असतो, सोबत कागद असतो. शिक्का नाही, कागद नाही, असा साग कुणाच्या बांधावरून रातोरात तुटला की अंबाबरव्याच्या रानातून आला, हे मला कळायला हवं होतं. माझ्या परसात उभं राहणारं लाकूड चोरीचं नसावं, एवढी साधी अट होती माझी.

आणि साग परवडत नाही, हे सांगायला आपल्याला लाज वाटायचं काही कारणच नव्हतं. मामंजींनी न्यू जर्सीत पाहिलेले डेक सागाचे नव्हते. अमेरिकेत घरोघरचे डेक बहुतेक साध्या पाइनचे असतात. पाइन उघड्यावर टिकत नाही, म्हणून दाबाखाली त्यात औषध मुरवतात. दशकानुदशकं त्या डेकमध्ये जे औषध मुरवलं गेलं, तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, ते १९३३ साली शोधलं डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञानं. आर्सेनिकची भीती असल्यामुळे २००३ अखेर तिकडे घरगुती वापरातून ते मागे घेतलं आणि तांब्याची दुसरी औषधं आली. जगाला लाकूड टिकवायला शिकवणाऱ्याच्या देशात आपण धंदा करता, साहेब. औषध मुरवलेलं स्वस्त लाकूड आणलं असतंत आणि तसं सांगितलं असतंत, तर मी आपल्याला पुरणपोळी करून वाढली असती.

फळ्या ओल्या होत्या, हे सुतारकाकांनी नुसता वास घेऊन सांगितलं होतं. हो, आमच्या गावातलेच ते सुतारकाका, ज्यांना आपण "म्हातारबुवा, तुमचं ते औत-वखराचं काम वेगळं, हे डेकचं काम वेगळं" असं सांगून मोठ्या अदबीनं पायरीखाली उतरवलंत. आमच्याकडे रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेतात मचाण बांधतात. सुतारकाकांनी अशी किती बांधली असतील, याची मोजदाद नाही. वाऱ्यावादळात, काळ्या मातीतच उभी असतात ती. त्यांच्या पायांना तिरके आधार असतात, म्हणून ती डोलत नाहीत. आपल्या डेकला तिरका आधार एकही नव्हता, कारण त्यानं "लुक" बिघडतो. तो लुक पुढे भिंतीपासून सहा इंच लांब गेला.

फळ्यांमधे तर आपण केस जाईल एवढीही फट ठेवली नाहीत. केवढी सफाई! पहिल्या पावसात पाणी खाली जाईना, वरच तुंबलं. दोन फळ्यांमधे पाव इंचाची फट ठेवली की पाणी निचरतं, वारा खेळतो, आणि फुगणाऱ्या लाकडाला जागा मिळते. जागा न मिळालेल्या फळ्या काठाशी उचलल्या, खिळे वर आले. स्क्रू सांगितले होते, खिळे मारलेत. आमचा हा खारपाणपट्टा; विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं धुतलं की साधा खिळा गंजायला वेळ लागत नाही. पॉलिशही घरातल्या कपाटाला मारतात ते मारलंत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो आमच्याकडे, ते पापुद्र्यांनी सुटलं. जवसाचं तेल पाजलं असतं तरी चाललं असतं, त्याला आमच्या भागात तोटा नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पैशाचं काम पैशानं निस्तरतं. पुढचं मात्र मला आपल्याशी सभ्यपणे बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. तरी प्रयत्न करते.

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू सासूबाईंनी मोठ्या अभिमानानं डेकवर ठेवलं होतं. आळीतल्या बायका, लेकीबाळी, कडेवरची पोरं. डेकची एक बाजू खांबांवर होती, दुसरी आपण घराच्या भिंतीला टेकवली होती. भिंतीवर एक आडवी तुळई, आणि ती भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांवर. नुसत्या खिळ्यांवर, साहेब! डेकचा पुढचा भाग खचला, म्हणजे ती तुळई भिंतीपासून बाहेर ओढली जाते. खिळा ज्या रेषेत आत गेला, त्याच रेषेत बाहेर येतो, त्याला अडवणारं काही नसतं. आरपार बोल्ट घालून मागं चकती आणि नट कसतात, ते यासाठी. अमेरिकेत डेक कोसळतात त्यांतले कितीतरी याच सांध्यावर सुटतात, म्हणून तिथल्या नियमांत नुसत्या खिळ्यांवर भिस्त ठेवायला मनाई आहे. आमच्या मातीत तर भिंतीला बांधूच नये, कारण घराचा पाया एका चालीनं हलतो आणि डेकचे खांब दुसऱ्या. दोन्ही बाजूंना स्वतःचे खांब द्यावेत आणि भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवावं. सुतारकाका पहिल्याच दिवशी हेच सांगत होते.

भिंतीकडची बाजू सुटली. जमिनीपासून चार फुटांवर होतो आम्ही, चाळीस नाही, म्हणून हे पत्र या सुरात लिहिता येतं आहे. सासूबाईंचं मनगट मोडलं. कठड्याला टेकलेली शेजारची सून कठड्यासकट खाली गेली, तिच्या कडेवरचं बाळ दुसरीनं वरच्यावर झेललं. कठडा आपण खालून दोन-दोन खिळ्यांनी उभा केला होता, उंची माझ्या कमरेच्याही खाली, आणि गजांमधलं अंतर इतकं ऐसपैस की रांगतं मूल सहज पार व्हावं. कठडा निदान एक मीटर हवा, आणि दोन गजांमधून चार इंची गोळा जाऊ नये, हा मापाचा नियम कुणीतरी लेकराच्या डोक्याचा विचार करून केलेला आहे.

कॅलिफोर्नियात बर्कलीला १६ जून २०१५च्या रात्री एका इमारतीचा वरच्या मजल्यावरचा सज्जा कोसळला. वाढदिवसाला जमलेली मुलं होती. सहा जण गेले. तुळया लाकडाच्या होत्या, पाणी आत अडकून कुजलेल्या होत्या. त्यानंतर तिथं असे सज्जे ठरावीक काळानं तपासायचा कायदा झाला. मी ती बातमी दिरांकडून मागवून वाचली आणि रात्रभर मला त्या बाळाचे पाय दिसत राहिले.

आता आपल्या सर्वात मोठ्या उपकाराबद्दल. आपण आलात, मोडलेला डेक लांबूनच पाहिलात, आणि सासूबाईंच्या प्लास्टरकडे न बघता म्हणालात, "लाकूड म्हटलं की असंच असते वहिनी. आता सिमेंटचा स्लॅब टाकून देतो, तुमच्यासाठी डिस्काउंट."

लाकूड म्हटलं की असंच असतं? देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत उंचच उंच लाकडी लाटा, म्हणजे मंडपाचे खांब, माणसांच्या बळावर उभ्या राहतात, मंडप सजतो, आणि लोक त्याखाली निर्धास्त उभे राहतात. ज्यांनी त्या निवडल्या, जपल्या, दरवर्षी तपासल्या, त्यांनी लाकडाचा मान ठेवला. जुन्या घरांतले कडीपाट आजही डोक्यावर आहेत, त्यांच्याखाली माणसांच्या चार-चार पिढ्या झोपल्या. उन्हाळ्यात आपला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग ओकतो, लाकूड सूर्य कलला की पायाला सोसवतं. आणि ज्या गावात सुतारकाम फारसं उरलेलं नाही, तिथं हा डेक बघून दोन तरुण पोरं काकांकडे काम शिकायला जायचं म्हणत होती. आता आळीत एकच बोललं जातं: लाकडाच्या भानगडीत पडू नये. पैसे बुडवलेत, मनगट मोडलंत, ते एका घराचं नुकसान. पण एका उत्तम वस्तूचं नाव आपण पंचक्रोशीत बुडवलंत, आणि स्वतःचं नाव मात्र व्हिजिटिंग कार्डावर शाबूत ठेवलंत. याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि तो जाऊ द्यायची माझी इच्छाही नाही.

डेक आम्ही पुन्हा बांधतो आहोत. सुतारकाकांनी जुन्यातल्या गाभ्याच्या तेवढ्या फळ्या वेगळ्या काढून सावलीत, मधे पट्ट्या देऊन रचल्या आहेत. खड्डे खोल गेले, चौथरे ओतून झाले, ओळंबा आणि पाण्याची नळी लावून सगळे एका पातळीत आणले. नकाशा कागदावर आहे. तो मी घरात लावला आहे, आणि शिकायला आलेला एक पोरगा त्यावर बोट ठेवून वजन कुठून कुठे जातं, ते मला समजावतो.

आपण घाटावर, दरीच्या तोंडाशी, एका हॉटेलच्या डेकचं काम घेतल्याचं कळलं. अभिनंदन. तिथं खाली चार फूट नाहीत. तिथं शाळेच्या सहली येतील, लग्नाचे फोटो काढायला पाच-पन्नास माणसं एकाच कठड्याशी दाटी करतील. तेव्हा हात जोडून विनंती करते, आणि या ओळीत एकही शब्द वाकडा नाही: भिंतीकडच्या तुळईत आरपार बोल्ट घाला, खांबाखाली खूर द्या, कठड्याचे खांब कडीला बोल्टनं बांधा, आणि फळ्या ठोकण्याआधी मला कळवा. मी सुतारकाकांना घेऊन येते. गाडीभाडं माझं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
घाटाखालची एक ग्राहक